डेलियाचे कंद हिवाळ्यासाठी काढून ठेवताना

साठवणीत डेलियाचा कंद दोनच कारणांनी जातो: एक तर वाळून, नाही तर कुजून. गोठलेला कंदही शेवटी कुजतोच. खाली दिलेली सगळी कामे या दोन टोकांच्या मध्ये कंदाला पाच-सहा महिने तगवण्यासाठी आहेत. म्हणूनच एकाच्या तळघरात यशस्वी झालेली पद्धत दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये हमखास फसते. पद्धत निवडण्याआधी आपली जागा किती थंड आहे आणि किती कोरडी आहे हे कळायला हवे.

हा लेख मुख्यतः न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो अशा जमीन गोठणाऱ्या भागांत डेलिया लावणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रात हेच काम उलट्या ऋतूत करावे लागते. त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ भागातला. तिथला हिवाळा कोरडा असतो, पण कंदाच्या खोलीवर जमीन गोठत नाही. त्यामुळे वरचा पाला वाळला तरी झाड मुळांशी टिकून राहते. विश्रांती घेणे या झाडाला येते, गोठण सोसणे मात्र येत नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे डेलियाचा कंद बटाट्यासारखा नसतो. बटाटा म्हणजे फुगलेले खोड, त्यामुळे त्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेले मूळ. त्याच्या अंगावर डोळा कधीच येत नाही. डोळे येतात ते फक्त खोड आणि कंद जिथे जुळतात त्या भागावर, म्हणजे माथ्यावर. माथ्यापासून तुटलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी त्याला कोंब फुटणार नाही. मान, म्हणजे कंदाला माथ्याशी जोडणारा बारीक भाग, मोडली की कंद वाया गेला, हे खणायला उतरण्याआधी डोक्यात पक्के असू द्या.

सप्टेंबरमध्ये, फुले असतानाच

फ्रॉस्ट, म्हणजे गोठवणारे दव, पडून पाने काळी झाली की सगळी झाडे सारखीच दिसतात. जांभळे कुठले आणि पिवळे कुठले हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फुले झाडावर असतानाच प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी नावाची पट्टी बांधा. काठीला बांधलेली पट्टी काठीबरोबर निघून जाते, म्हणून ती खोडालाच बांधायची, जमिनीपासून १० सेंटिमीटरच्या आत.

याच वेळी रोगी झाडे हेरायची. पानाच्या शिरांच्या कडेने फिकट पिवळे पट्टे, वेडीवाकडी पाने आणि शेजारच्या झाडांच्या मानाने खुरटलेली वाढ दिसली तर विषाणूचा संशय घ्या. विषाणू कंदातही असतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा उगवतो आणि मावा किंवा कात्रीमार्फत शेजाऱ्यांना लागतो. यावर औषध नाही. कितीही आवडीची जात असली तरी असे झाड कंदासकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. ऑक्टोबरच्या शेवटी हा निर्णय घेता येत नाही, कारण बघायला पानेच उरलेली नसतात.

केव्हा खणायचे

घाई करू नका. दिवस बारा तासांपेक्षा लहान होऊ लागले की डेलिया कंद भरायला जोर लावतो. म्हणजे खरा भर सप्टेंबरच्या शेवटापासून चढतो. लावणीपासून साधारण १२० दिवस झालेले असावेत. त्याआधी काढलेले कंद पाणचट आणि पातळ सालीचे असतात, आणि ख्रिसमसच्या आधीच सुरकुततात.

पहिल्या कडक फ्रॉस्टने पाने आणि फांद्या काळ्या पडतात. जमिनीखालच्या कंदांना त्या रात्री काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोड जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर कापा. काळे पडलेले खोड तसेच ठेवले तर ते लिबलिबीत होते आणि त्याचा रस माथ्यात उतरतो. डेलियाचे खोड पोकळ असते. कापलेल्या नळीत पावसाचे पाणी साचले की माथा आतून सडतो, आणि बाहेरून ते कळतही नाही. कापल्यावर वरच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घट्ट बसवा. एका मिनिटाचे काम आहे.

कापल्यानंतर कंद आठवडा ते दहा दिवस जमिनीतच राहू द्या. या काळात साल थोडी कडक होते आणि माथ्यावरचे डोळे फुगून दिसू लागतात. ज्यांना कंद आताच विभागायचे आहेत त्यांच्यासाठी हे थांबणे फार उपयोगाचे आहे. मात्र जमीन चिकणमातीची असेल आणि सलग पाऊस लागला असेल तर डोळ्यांची वाट बघत बसू नका. चिखलात भिजत पडलेला कंद साठवणीत टिकत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फ्रॉस्ट पडलाच नाही तर त्याच्याविनाच कापा आणि काढा. फ्रॉस्ट हा सोयीचा इशारा आहे, अट नव्हे. जमीन गोठायच्या आत काम संपले पाहिजे एवढीच अट आहे.

खणणे

शक्यतो दोन दिवस पाऊस नसेल असा दिवस निवडा. फावड्यापेक्षा बागकामाचा चार दातांचा काटा चांगला, कारण तो कंद कापत नाही. बुंध्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावर काटा सरळ खाली घालायचा, थोडा हलवायचा आणि बाहेर काढायचा. असे चारही बाजूंनी करा. माती सैल झाली की दोन समोरासमोरच्या बाजूंनी काटे घालून, किंवा एकच काटा खोल घालून, गड्डा (माथ्याला लागलेला कंदांचा अख्खा झुबका) खालून उचला. खोड धरून ओढायचे नाही. ओल्या मातीसकट एका गड्ड्याचे वजन पाच किलोच्या पुढे सहज जाते, आणि ते सगळे बारीक मानांवर येते. मानेला पडलेली चीर त्या दिवशी दिसत नाही. जानेवारीत तिथेच काळा डाग पडतो.

उचललेला गड्डा आपटून माती झाडू नका. हाताने मोठी ढेकळे काढा, गड्डा उलटा धरून नळीतले पाणी निथळू द्या आणि तो सावलीत ठेवा. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर गड्डे बाहेर ठेवून चालणार नाही. जमिनीत सुरक्षित असलेला कंद अंगणात एका रात्रीत गोठतो.

धुवायचे की नाही

यावर अनुभवी लोकांतही दोन तट आहेत. रेताड, भुसभुशीत जमीन असेल आणि गड्डा अखंडच ठेवायचा असेल तर न धुता, माती झटकून ठेवले तरी चालते. मातीचा पातळ थर ओल धरून ठेवतो. कंद विभागायचे असतील, किंवा जमीन चिकणमातीची असेल, तर धुणेच बरे. डोळे, चिरा आणि गाठी धुतल्याशिवाय दिसत नाहीत. पाण्याचा झोत मध्यम ठेवा. जोरदार फवाऱ्याने साल सोलली जाते आणि तिथून आधी पाणी उडते, मग बुरशी शिरते. केसांसारखी बारीक मुळे कात्रीने छाटून टाका. ती आधी कुजतात.

धुतल्यावर माथा नीट बघा. बुंध्याशी फुलकोबीसारखी खडबडीत गाठ, किंवा एकाच जागी दाटीने आलेले जाड, खुरटे कोंब दिसले तर तो जिवाणूंमुळे होणारा गाठीचा रोग आहे. कापून तो बरा होत नाही. पूर्ण गड्डा फेकायचा आणि कात्री निर्जंतुक करायची.

आता विभागायचे की वसंतात

आता विभागण्याचे फायदे दोन: माथा ओला आणि मऊ असल्याने सहज कापता येतो, आणि साठवायला जागा कमी लागते. तोटा असा की डोळे अजून टाचणीच्या टोकाएवढे असतात. नवख्याला ते दिसत नाहीत आणि बिनडोळ्याचे तुकडे जपून ठेवले जातात. वसंतात डोळे ठळक दिसतात, पण माथा लाकडासारखा झालेला असतो आणि कापायला करवत लागते. पहिल्या वर्षी गड्डे अखंड ठेवा आणि मार्च-एप्रिलमध्ये विभागा. अखंड गड्ड्याला जखमा कमी, म्हणून कुजण्याचा धोकाही कमी.

विभागणारच असाल तर आधी खोडाच्या मधोमध उभा काप देऊन गड्ड्याचे दोन भाग करा. मग प्रत्येक भागातून एकेक कंद सोडवा. कामाच्या तुकड्याला तीन गोष्टी हव्यात: अखंड कंद, न मोडलेली मान आणि मानेवर माथ्याचा एखाद-दोन सेंटिमीटरचा तुकडा, ज्यावर निदान एक डोळा आहे. आकाराचा मोह नको. पेन्सिल सेलएवढ्या कंदापासूनही पूर्ण उंचीचे झाड होते. अवाढव्य कंद लावला तर उलट झाड त्यावरच जगते आणि नवी मुळे आळसाने धरते. फार बारीक, करंगळीहून निमुळते कंद मात्र साठवणीत वाळतात, ते दोन-तीन एकत्रच ठेवा.

गेल्या वसंतात लावलेला मातृकंद गड्ड्याच्या मध्यावर सापडतो. तो गडद रंगाचा, खरखरीत आणि बहुतेकदा जाडजूड असतो. सगळ्यात मोठा म्हणून लोक तोच जपतात, आणि सगळ्यात आधी तोच सडतो. तो काढून टाका.

एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जाताना पाते ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, किंवा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवा. कापलेल्या जागेवर गंधकाची भुकटी हलकी लावता येते. दालचिनीची पूड वापरणारेही बरेच आहेत. ती फक्त कापावर लावा. पूर्ण कंद पुडीत घोळवला तर तो लवकर सुकतो.

नाव थेट कंदाच्या सालीवर पर्मनंट मार्करने लिहा. खोक्यावरचे लेबल खोके बदलले की खोटे ठरते.

सुकवणे: इथे हात आखडता

सर्वाधिक कंद या पायरीवर बिघडतात, आणि तेही जास्त काळजीमुळे. हेतू एवढाच आहे की पृष्ठभाग कोरडा व्हावा आणि कापावर पापुद्रा धरावा. १० ते १५ अंश सेल्सियसच्या सावलीच्या जागी, वर्तमानपत्रावर किंवा लाकडी फळीवर, विभागलेल्या कंदांना एक दिवस पुरतो आणि अखंड गड्ड्यांना दोन ते तीन. अखंड गड्डे खोड खाली करून ठेवा, म्हणजे नळी निथळेल. काँक्रीटच्या फरशीवर कंद ठेवू नका, ती ओल शोषते. हीटिंग चालू असलेल्या खोलीत आठवडाभर ठेवलेला कंद साठवणीला जातानाच अर्धा मेलेला असतो. बोटाने दाबून पाहा. तो ताज्या रताळ्याइतका टणक लागला पाहिजे.

भरणे

तीन पद्धती भरवशाच्या आहेत.

पहिली, खोके आणि भरण. पुठ्ठ्याचे खोके किंवा प्लास्टिकचा क्रेट घ्या, आत वर्तमानपत्राचे तीन-चार पदर घाला, मग पाच सेंटिमीटर व्हर्मिक्युलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे), पीट (दलदलीतल्या शेवाळाचा वाळवलेला भुगा) किंवा पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा लाकडाचा भुसा. त्यावर एकमेकांना न टेकतील असे कंद, पुन्हा भरण, असे थर. दोनतीन थरांवर जाऊ नका, तळचे कंद बघायचा कंटाळा केला जातो. भरण जवळजवळ कोरडे असावे: हाताला गार लागेल, पण मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा होणार नाही. पीट एकदा पूर्ण वाळले की ते कंदातलीच ओल ओढून घेते. म्हणून कोरड्या घरांत व्हर्मिक्युलाइट बरे.

दुसरी, झाकणाचा प्लास्टिक डबा. जागा फार कोरडी असेल तर हाच उपाय. आत व्हर्मिक्युलाइट घालून झाकण पहिले दोन आठवडे किलकिले ठेवा. झाकणाच्या आत थेंब दिसले तर एक दिवस पूर्ण उघडा. थेंब यायचे थांबले की झाकण लावा.

तिसरी, क्लिंग फिल्मची गुंडाळी. ही फक्त धुतलेल्या, विभागलेल्या आणि पृष्ठभाग पूर्ण कोरडा झालेल्या कंदांसाठी. हातभर फिल्म पसरून एक कंद ठेवा, एक वेढा द्या, मग दुसरा कंद, पुन्हा वेढा. पाच-सहा कंदांची एक गुंडाळी करा. दोन कंदांत फिल्मचा पदर असल्याने एकाची कुज दुसऱ्याला लागत नाही आणि वाळण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. भरण लागत नाही, जागा थोडी पुरते. पण एखादा कंद ओला गेला की तो आत हमखास कुजतो. अखंड गड्ड्यांसाठी ही पद्धत नाहीच.

जागा

हवे आहे ४ ते ७ अंश सेल्सियस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण ४० ते ४५. दहा अंशांपर्यंत निभावते. त्यावर कंद झपाट्याने वाळतात, आणि जानेवारीतच पांढरे, लांबट कोंब येतात. शून्याखाली पेशी फुटतात. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम.

उत्तर अमेरिकेतल्या घरांची तळघरे बहुतेक गरम असतात. घर गरम करणाऱ्या भट्टीजवळची जागा टाळा आणि बाहेरच्या भिंतीलगतचा, खिडकीखालचा कोपरा धरा. घराला जोडलेले गॅरेज चालते, पण फरशीवर नको. घराच्या बाजूच्या भिंतीला लागून, फळीवर ठेवा. कडाक्याच्या आठवड्यात खोक्यावर जुनी रजई टाका किंवा खोके आत आणा. सुटे गॅरेज आणि बागेतली शेड या भागांत कामाची नाही. रोजच्या वापराचा फ्रिजही नको. फ्रॉस्ट-फ्री यंत्रणा हवा कोरडी करते, आणि सफरचंदांतून निघणारा इथिलीन वायू कंदाच्या डोळ्यांना बाधतो.

कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर घ्या आणि त्याचा सेन्सर खोक्याच्या आत ठेवा. खोलीचे तापमान आणि खोक्यातले तापमान यांत बराच फरक पडतो.

महिन्यातून एकदा

पहिली तपासणी दोन आठवड्यांनी करा, पुढे महिन्याला एकदा. ओले गेलेले कंद पहिल्या दोन आठवड्यांतच वास मारू लागतात.

साल सुरकुतलेली पण कंद लवचिक असेल तर त्यात जीव आहे. भरणावर पाण्याचा हलका फवारा मारा आणि झाकण थोडे बंद करा. आठवड्याने पुन्हा पाहा. एका टोकाला मऊ पडला असेल तर स्वच्छ पांढरा गर लागेपर्यंत कापा, गंधक लावा, दिवसभर सुकवा आणि वेगळा ठेवा. कुज मानेत किंवा माथ्यात पोचली असेल तर वाचवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. पृष्ठभागावर फक्त पांढरी-हिरवी बुरशी असून कंद टणक असेल तर ती पुसा आणि हवा वाढवा. वाजवल्यावर खडखडणारा, हलका झालेला कंद गेला. गोठलेला कंद वितळल्यावर काचेसारखा पारदर्शक होतो आणि दाबला की पाणी सुटते. असे कंद त्याच दिवशी काढा.

बरेच सुकले असतील तर चूक बहुधा उष्णतेची असते, भरणाची नव्हे. नुसते पाणी शिंपडत राहिलात तर सुकलेले कंद कुजू लागतात. आधी खोके थंड जागी हलवा.

न काढताही चालते का

सिॲटल किंवा दक्षिण इंग्लंड अशा ठिकाणी, जिथे जमीन वरच्या काही सेंटिमीटरपलीकडे गोठत नाही, कंद जागेवर ठेवता येतात. खोड जमिनीलगत कापा, वर १५ ते २० सेंटिमीटर पेंढा किंवा सालीचा भुगा टाका आणि पाणी मुरू नये म्हणून त्यावर ताडपत्री. तिथला खरा वैरी पाऊस असतो. निचरा वाईट असेल तर हा जुगार खेळू नका. कुंडीतल्या डेलियाचे काम सर्वांत सोपे: खोड कापा, पाणी बंद करा आणि कुंडी आहे तशीच थंड जागी आडवी ठेवा.

महाराष्ट्रात

पुणे, नाशिक या भागांत डेलिया हिवाळ्यातच फुलतो. लावणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, फुले डिसेंबर ते फेब्रुवारी-मार्च. कंदाचा विश्रांतीचा काळ उन्हाळा आणि पावसाळा असा येतो. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडत आणा, एप्रिलमध्ये खोड कापून गड्डा काढा, सावलीत एक दिवस सुकवा आणि मातीच्या कुंडीत कोरड्या बारीक वाळूत पुरून घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या खोलीत ठेवा. चार ते सात अंश इथे मिळणार नाहीत, त्यामुळे काही कंद सुरकुतणारच. मे महिन्यात वाळूवर पंधरवड्याने ओंजळभर पाणी शिंपडले तर पुरते. जूनपासून प्रश्न उलटतो: वाळू हवेतली ओल ओढते. तेव्हा पाणी बंद, कुंडी फरशीवरून उचलून फळीवर. ऑगस्टच्या शेवटी गड्डे ओलसर वाळूत, सावलीत मांडून कोंब आणतात, आणि सात-आठ सेंटिमीटरच्या कोंबांची छाटकलमे करतात. इथल्या हंगामासाठी कंद थेट लावण्यापेक्षा अशी कलमे जास्त एकसारखी फुलतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत मात्र दरवर्षी नवी रोपे आणणे शहाणपणाचे.

परदेशातले कंद सुटकेसमधून भारतात नेण्याचा मोह टाळा. वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते.

जागे करणे

शेवटच्या फ्रॉस्टच्या अंदाजे तारखेआधी चार ते सहा आठवडे खोके १८ ते २० अंशांच्या उजेडाच्या खोलीत आणा. विभागणी उरली असेल तर ती दोन आठवड्यांनी करा. तोवर डोळे गुलाबी किंवा हिरवे होऊन फुगलेले असतात. कंद किंचित ओलसर मिश्रणाच्या कुंडीत, माथा पृष्ठभागाशी येईल असा लावा. थेट जमिनीत लावायचे असतील तर मातीचे तापमान १५ अंशांवर जाऊ द्या: न्यू जर्सीत साधारण मेचा मध्य, टोरांटोत मेची अखेर. कंद आडवा, डोळा वर, १० ते १५ सेंटिमीटर खोल. कोंब मातीवर येईपर्यंत वरून पाणी घालू नका. मुळे फुटलेली नसताना कंदाला पाण्याची गरज नसते, आणि सहा महिने जपलेले कंद सर्वाधिक सडतात ते लावणीनंतरच्या याच पहिल्या तीन आठवड्यांत.